सलामीचा हात

लोक चित्र ठरवून यायचे, जागा ठरवून कोणी यायचं नाही. मोबाइलमध्ये गरुड असायचा, त्रिशूळ असायचा, कुणाकुणाचं नाव असायचं. मी ‘कुठे काढायचंय?’ असं विचारलं की समोरचा माणूस स्वतःच्या अंगाकडे असा बघायचा, जणू ते त्याला आजच मिळालंय. पनवेलच्या बाजारात बारा-तेरा वर्षं मी टॅटू काढले. सुई चालवायला कोणीही शिकेल. माझा खरा धंदा जागा ठरवून देण्याचा होता आणि त्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं मला वाटायचं. एका मुलीच्या हाताबाबत मी चुकलो. आता दुकान बंद आहे, वेळ आहे, तेव्हा ते लिहून टाकावं म्हणून बसलो आहे.

मूळचा मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर, नंबरप्लेटा, बिल्डिंगच्या जिन्यातल्या नावांच्या फळ्या. एके काळी जुन्या बाजारातल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या होत्या. बायको म्हणते, निम्म्या नाही, चतकोर. मग फ्लेक्स आलं. ज्या पाटीला मी चार दिवस घालवायचो ती दुपारी सांगितली की संध्याकाळी छापून हजर. डब्यात ब्रश वाळून गेले. हात मात्र वळणदार अक्षरासाठीच घडलेला, त्याला दुसरं काही जमेना. कुणीतरी म्हणालं, हल्ली पोरं अंगावर नावं लिहून घेतात. मग मुंबईत एका ओळखीच्या टॅटूवाल्याकडे सहा महिने जाऊन बसलो. आधी दुधी भोपळ्यावर शिकलो, मग केळ्यावर, मग स्वतःच्या डाव्या मांडीवर. त्या मांडीवर अजूनही अर्धी बाराखडी आहे. पहिल्यांदा ती पाहून बायको म्हणाली, “शाळा उघडलीत का मांडीवर?”

दुकान जिन्याच्या वर, जेमतेम दोन खुर्च्यांचं. जिन्याखाली उस्मानभाईंचं घड्याळदुरुस्तीचं टेबल. ते उरणकडचे, तरुणपणी काही वर्षं आखातात काढून परत आलेले, डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेले. त्यांच्या धर्मात गोंदवून घेणं चालत नाही, त्यामुळे माझ्या कामाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही आणि माझा दुपारचा चहा कधी चुकवला नाही. गिऱ्हाइक वर चढायच्या आधी ते त्याला एकदा विचारायचे, “पक्कं ठरवलंय ना? घड्याळ बंद पडलं तर मी उघडतो. पेंटरचं काम उघडता येत नाही.” यामुळे माझी किती गिऱ्हाइकं परत गेली असतील, ते त्यांनाच ठाऊक.

परक्या माणसाला वाटतं, कातडी म्हणजे कातडी. तसं नसतं. मनगटाच्या हाडावर सुई लागली की दातांपर्यंत झिणझिण्या जातात. बरगडीवर भलेभले ‘आई गं’ म्हणतात. बोटांवरची शाई वर्षभरात विटते, कारण हात सारखे पाण्यात. पोटावर फूल काढलेल्या बाईचं बाळंतपणानंतर फूल राहत नाही, भलतंच काहीतरी होतं. दंडावरचा वाघ व्यायाम सुटला की मांजरासारखा दिसायला लागतो. मानेवरचं ऑफिसात झाकत नाही आणि पाठीवरचं स्वतःला दिसत नाही. हे सगळं मी गिऱ्हाइकाला सांगायचो. सुई प्रत्येकाला नवी, पाकीट त्याच्यासमोर फोडायचं, हातात ग्लोव्हज, झाल्यावर खपली धरते ती खाजवायची नाही. पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट होती आणि ती माझी स्वतःची होती.

मी आधी साध्या बॉलपेनानं काढायचो. ठरलेल्या जागी, ठरलेल्या मापात. मग सांगायचो, “जा, वडाळे तळ्याला एक फेरी मारून या.” फेरीला अर्धा तास लागतो. तेवढ्यात माणूस हात हलवतो, घाम पुसतो, ओळखीचं कोणी भेटतं, ते विचारतं ‘हे काय?’ आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. परत आल्यावर जो म्हणेल, ‘हीच जागा,’ त्यालाच सुई लावायची. काही जण तळ्यावरून थेट घरी जायचे. त्यांचा मला कधी राग आला नाही.

या फेरीनं एक संसारही वाचवला. बेलपाड्याचे एक शेठ आले होते. जमिनी गेल्या, पैसे आले, गळ्यात सोनं, बोटांत सोनं. त्यांना त्यांच्या शर्यतीच्या बैलाचं नाव छातीवर हवं होतं. बैलाचं नाव सोन्या. सोबत बायको, डोक्यावर पदर, तोंडानं मात्र तिखट.

“बैल छातीवर,” ती म्हणाली, “आनि मी कुठं?”

“तू पाठीवर,” शेठ उदारपणे म्हणाले.

“पाठीवर म्हंजे लोकांना दिसल, तुमाला दिसनार नाय. मी लगीन लोकांशी केलंय का?”

मी पेनानं दोन्ही काढलं आणि दोघांना तळ्यावर पाठवलं. परत आले तेव्हा शेठ घामाघूम झाले होते. फेरीत काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. बैल दंडावर गेला आणि छातीवर ‘सुमन’ आलं. उस्मानभाईंना खालून सगळं ऐकू आलं होतं. ते आठवडाभर मला सुमनवहिनींची तब्येत विचारत राहिले.

तर असा माझा कारभार. आणि त्याच भरात मी एक पाटी रंगवली. फ्लेक्सवाल्यांना दाखवून द्यायचं होतं, म्हणून रंग खलून, पट्ट्या आखून, लाल कडेची. दुकानात शिरल्याबरोबर समोर दिसायची: ‘देव आणि आईवडील कमरेखाली व डाव्या हातावर काढले जाणार नाहीत.’ उजव्या हातानं आपण प्रसाद घेतो, उजव्यानं नमस्कार करतो, त्या अर्थी मानाचं ते उजव्यावर, एवढंच माझं शास्त्र. गिऱ्हाइकं पाटी वाचून माना डोलवायची. मला बरं वाटायचं. एकट्या उस्मानभाईंनी जिन्यात उभं राहून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “पेंटर, डाव्या हातानं तुमचं काय घोडं मारलंय? अवघ्या दुनियेचा वक्त डाव्या हातावर असतो. मला विचारा.”

मी हसून सोडून दिलं.

दर्शना आली ती दोन हजार बाराच्या आसपास, पावसाळा संपता संपता. नेऱ्याची मुलगी, बावीस वर्षांची, काटक, पायात धावायचे बूट. तिच्या आईला मी ओळखत होतो. बाजाराच्या कोपऱ्यावर ती टोपली घेऊन बसायची. काकड्या, शिराळी, पावसाळ्यात रानभाज्या. मी रोज तिच्याकडूनच घ्यायचो. दर्शना सकाळी नेऱ्याच्या रस्त्यावर डोंगराच्या बाजूला धावायला जायची. निमलष्करी दलाची भरती निघाली होती आणि गावातून वर्दी घालणारी ती पहिली मुलगी होणार होती. घरात कोणी नको म्हणत होतं, कोणी लग्नाचं बघत होतं. आई एकटी तिच्या बाजूनं उभी राहिली होती. म्हणून तिला हातावर ‘आई’ हवं होतं. दोनच अक्षरं.

“कुठे?” मी विचारलं.

तिनं एका क्षणाचाही वेळ न घेता डावा हात पुढे केला, आतल्या बाजूनं. माझ्या एवढ्या वर्षांत जागा ठरवून आलेलं हे बहुधा एकमेव गिऱ्हाइक.

“डावा का?”

“पेपर लिवताना हा हात टेबलावर असतो ना काका. उजवा लिवनार, डावा समोर पडलेला. काय सुचलं नाय तर आई दिसल.”

मी पेनानं काढलं. तळ्यावर पाठवलं. ती धावत गेली आणि धावतच आली, दहा-पंधरा मिनिटांत. म्हणाली, “हितंच.”

माझ्याच नियमानं गोष्ट तिथं संपत होती. तिनं जागा निवडली होती, कारण चांगलं होतं, फेरी झाली होती. पण समोर माझी पाटी होती. मी पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, “अगं, आईला डाव्या हातावर बसवतेस?”

ती पाटी वाचून गोरीमोरी झाली. आपल्या हातून काहीतरी अमंगळ होणार होतं असं तिला वाटलं असावं. “मला ठाव नव्हतं काका,” म्हणाली. मग स्वतःच रुमाल ओला करून डाव्या हातावरचं पेन पुसलं आणि उजवा हात पुढे केला. मी जीव ओतून काढलं. ‘ई’ची शेपटी मी ट्रकवर काढायचो तशी, शेवटी जरा झोकदार. तिनं आईला दाखवलं. आईनं दुसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत दोन काकड्या जास्तीच्या टाकल्या.

ती धावण्यात पास झाली. लेखी परीक्षेत पास झाली. ती पेढे घेऊन जिना चढली तेव्हा खालच्या उस्मानभाईंना आधी देऊन आली होती. आता फक्त वैद्यकीय तपासणी राहिली होती आणि तिच्यासारख्या मुलीला त्याची काय भीती!

पंधरा-वीस दिवसांनी ती परत आली. या वेळी सोबत आई होती. दर्शनानं एक कागद माझ्यापुढे धरला. मला इंग्रजी फारसं कळत नाही, पण ‘राइट’ एवढा शब्द कळला.

“उजवा हात सलामीचा असतो, काका,” ती म्हणाली. “त्याच्यावर चालत नाय. डाव्यावर चालतं. आतल्या बाजूनं, जिथं मी बोललेली ना, तिथंच चालतं.”

मी खुर्चीवर बसलो.

“फेरतपासणीचा अर्ज केलाय. थोडे दिवस हायत. तुमी पुसा.”

पुसा! कसं सांगायचं तिला? शाई कातडीच्या वरच्या थरात राहत नाही, खालच्या थरात जाऊन बसते, म्हणून तर ती जन्मभर टिकते. हेच मी प्रत्येक गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचो. लेझरनं ती फिकट होते, पण त्याला अनेक खेपा लागतात आणि दोन खेपांच्या मध्ये महिना-दीड महिना जावा लागतो. ती म्हणाली, कुणीतरी चुना आणि मीठ चोळायला सांगितलंय, कुणी ॲसिड. मी तिचा हात धरला आणि असलं काही करणार नाहीस असं तिच्याकडून वदवून घेतलं. आई मागे उभी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी खाली बघितलं आणि मला तिचा डावा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेला. ठिपके, फुली आणि मध्ये तुळशीवृंदावन. डाव्या हातावर तुळस. वर्षानुवर्षं त्याच हातातून मी भाजी घेतली होती.

“पोरीला मीच आडवी आले,” ती हळूच म्हणाली. “दुसरं कोन नाय आलं, मीच आले.”

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग जे करता येण्यासारखं होतं ते केलं. नवीन पनवेलमधल्या कातडीच्या डॉक्टरांकडे तिला घेऊन गेलो. त्यांनी मला आधीच माहीत असलेलं सगळं सांगितलं. मग मी फेरतपासणीच्या दिवशी तिच्याबरोबर गेलो, दोन बस बदलून. आदल्या दिवशी एक अर्ज लिहिला होता. ‘सदर मुलीनं डावा हात पुढे केला होता. तिला उजव्यावर काढून घ्यायला मी भाग पाडलं. चूक माझी आहे, शिक्षा तिला होऊ नये.’ जन्मभर लोकांच्या पाट्या रंगवल्या, पण एवढ्या काळजीनं मी कधी काही लिहिलं नव्हतं. तिथल्या फाटकावरच्या माणसानं तो अर्ज नीट वाचला. म्हणाला, “अक्षर छान आहे तुमचं.” आणि परत दिला. त्याचाही काही दोष नव्हता, तो फाटकावरचा माणूस. संध्याकाळी दर्शना बाहेर आली आणि तिनं नकारार्थी मान हलवली. परतीच्या बसमध्ये तिनं मला खिडकीची जागा दिली.

पुढे तिनं लेझरच्या दोन खेपा केल्या. कातडी फुगून वर आली, तेव्हा डॉक्टरांनी थांबवलं. पुढची भरती निघेपर्यंत वयाची अट उलटून गेली. त्यानंतर तिचं काय झालं ते मला कळलं नाही, कारण मी कळून घेतलं नाही. खरं सांगतो, मी पळालो. भाजीसाठी बाजाराच्या त्या कोपऱ्यावर जायचं सोडलं. दुसऱ्या टोकाला एका माणसाकडून निबर भेंडी आणायचो आणि बायकोची बोलणी खायचो.

पाटी मी त्याच आठवड्यात उतरवली. उस्मानभाई एक टोक धरायला वर आले. आणि त्या दिवसापासून दुकान बंद होईपर्यंत मी एक नवीन पद्धत ठेवली. तरुण मुलगा असो, मुलगी असो, खुर्चीत बसायच्या आधी सांगायचो, “सलाम ठोक बघू.” ती हसायची, म्हातारा चळला म्हणायची, पण ठोकायची. जो हात वर जाईल त्याला मी सुई लावली नाही. कुणी फार हट्ट केला तर दुसरीकडे जा म्हटलं. यामुळे किती जणांचं भलं झालं, मला माहीत नाही. त्यातल्या कुणाला भरतीला जायचंच नसेल. पण तेवढं केल्याशिवाय मला मशीन सुरू करता येईना.

अठरा साली हात थरथरायला लागला. सरळ रेघ हलली की या धंद्यात थांबायचं असतं, तिथं दुरुस्ती नाही. दुकान बंद केलं. मशीन विकलं. भोपळा मात्र अजून खातो, त्याचे उपकार आहेत. जिना चढताना येणारा डेटॉलचा वास, खालची घड्याळांची टिकटिक, तळ्यावरून घामाघूम होऊन परतणारी माणसं, सगळ्याची फार आठवण येते. उस्मानभाईंनी तर माझी रिकामी खुर्ची खाली नेऊन गिऱ्हाइकांना बसायला ठेवली आहे.

त्याच्या पुढच्या वर्षी भाचीच्या वास्तुशांतीला सुकापूरला गेलो. नवी सोसायटी, मोठं फाटक. माझ्या स्कूटरच्या पुढे एक मोटार होती. फाटकावरच्या बाईनं तिला सलाम केला. मग माझ्याकडे वळली आणि मलाही केला, कडक, कोपर खांद्याच्या रेषेत, तळवा समोर. निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. हाताच्या आतल्या बाजूला फिकट, जरा फुगीर दोन अक्षरं होती. ‘ई’ची शेपटी झोकदार.

मी स्कूटर बंद केली. “दर्शना?”

“ओळखलंत म्हनायचं.” ती हसली. माझी नजर कुठे आहे ते तिला दिसत होतं. हात खाली न घेता म्हणाली, “हितं चालतो, काका. दिवसाचे शंभर मारते. कोन काय बोलत नाय.”

मागून हॉर्न वाजला. तिनं मला डावीकडे गाडी लावायला सांगितली, मागच्या गाडीला सलाम केला आणि परत माझ्याजवळ आली. सगळ्या गार्ड मंडळींवर आता तीच प्रमुख आहे, म्हणाली. लग्न झालंय, नेऱ्यातच दिलंय, सकाळी अजून धावते. आणि मग म्हणाली, “आई एक इचारते नेहमी.”

“काय?”

“पेंटरकाका हल्ली भाजी कुठून घेतात?”

वास्तुशांतीचं जेवण मला गेलं नाही. इतकी वर्षं मी समजत होतो की मी कुणाला दिसत नाही. दर्शनाची आई रोज त्या कोपऱ्यावरून मला लांबच्या बाजूनं जाताना पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. टोपली तिथेच, ती तिथेच, केस पांढरे झालेले. तिनं पिशवी हातातून घेतली, काकड्या भरल्या आणि म्हणाली, “सुई हाय का रं अजून?”

“नाही. हात हलतो.”

“पेन तर असल.”

पेन होतं. पेन माझ्या खिशात असतंच.

“तिचं नाव लिव. तिनं माजं लिवून घेतलं, माज्याकडं तिचं नाय.”

“पेनाचं आहे,” मी म्हणालो, “दोन दिवसांत जाईल.”

“गेलं तर परत ये लिवायला. रोज येशील तरी.”

मी पेनाचं टोपण काढलं. सवयीनं तोंडातून आलंच, “कुठे?” आणि लगेच वाटलं, हे आपण तिला विचारायला नको होतं.

तिनं तुळशीचा डावा हात मांडीवर ठेवला आणि रिकामा उजवा हात माझ्यापुढे लांब केला.

“हितं. मना कुनाला सलाम ठोकायचाय?”

मी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि लिहिलं. अक्षर बरंच हललं. तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं.